खारूची शाळा आणि माझी फाईल

५ जून, सोमवार

शिक्षण कार्यालयाला दर आठवड्याला ‘नमुना ब’ भरून द्यायचा आहे. त्यात विषयांना रकाने आहेत, तासांना रकाने आहेत, शंकांना जागा नाही. म्हणून ही वही वेगळी ठेवतो आहे. ही कुणाला दाखवायची नाही.

आजपासून खारूची शाळा घरी सुरू झाली. खारू म्हणजे आमची दहा वर्षांची मुलगी. दात आल्यापासून दोन्ही हातांत काहीतरी धरून कुरतडत बसायची, म्हणून खारू. ती बोलताना अडखळते. पहिलं अक्षर चार-पाच वेळा येतं, कधी येतच नाही, आणि मग एकदम शब्द सुटतो. आम्हाला त्याची सवय आहे, शाळेला झाली नाही. बाई तिला मोठ्याने वाचायच्या वेळी वगळायच्या आणि वर्गातली मुलं तिची वाक्यं स्वतःच पुरी करून टाकायची. एवढ्या लहान वयात इतका उद्धटपणा येतो कुठून, मला कळत नाही. मार्चपासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं.

मी बस आगारात वेळापत्रकं बनवतो. बावीस वर्षं झाली. एकशे चाळीस गाड्या कुठून कधी सुटतील हे जो सांगू शकतो त्याला एका मुलीचं वेळापत्रक जड जाऊ नये. सकाळी नऊ ते एक मी शिकवणार, अडीचला आगारात जाणार. खारूची आई औषधांच्या दुकानात सकाळपाळीला असते, ती दोनला घरी येते.

वार्षिक आराखडा मी तीन रंगांत केला आहे. पाच विषय, आठशे तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे. बायकोने चहा पिता पिता तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“यात शिंक आली तर कधी द्यायची?” तिने विचारलं.

मी तिला ‘संकीर्ण, पाच मिनिटे’ हा रकाना दाखवला.

७ जून

भाषा पंचेचाळीस मिनिटं, गणित एक तास, विज्ञान अर्धा तास. सगळं वेळेत झालं. खारू हुशार आहे. मी प्रश्न विचारतो, ती पहिलं अक्षर उच्चारते, तेवढ्यावरून मला उत्तर कळतं आणि आम्ही पुढे जातो. शाळेत हीच गोष्ट कुणाला जमत नव्हती याचं नवल वाटतं.

१० जून, शनिवार

वाचा-उपचाराच्या बाईंकडे गेलो होतो. दर शनिवारी जातो. बाईंनी आज मला आत बोलावून बसवलं आणि म्हणाल्या, “आता ती पूर्ण वेळ घरी असणार. तेव्हा एक लक्षात ठेवा, घरच्यांनी तिची वाक्यं पुरी करायची नाहीत. कितीही वेळ लागू दे.”

मी म्हणालो, “ते आमच्याकडे कुणी करतच नाही.”

तेवढ्यात खारू बाईंना काहीतरी विचारायला लागली. “पु... पु...”

“पुढच्या शनिवारी किती वाजता यायचं, असं विचारतेय ती,” मी सांगितलं.

बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “नेहमीच्याच वेळी.” बाई चांगल्या आहेत, पण कधीकधी त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं.

१९ जून

इमारतीची लिफ्ट बंद पडली. आम्ही पाचव्या मजल्यावर. सेक्रेटरी म्हणतात, मोटर बदलावी लागेल, दीड-दोन महिने धरून चाला. चढण्या-उतरण्याचे तास ‘शारीरिक शिक्षण’मध्ये धरता येतील का, ते पाहायला हवं.

२३ जून

धरता येतात. फोन करून विचारलं. पण चढण्याचेच, उतरण्याचे नाहीत.

४ जुलै, मंगळवार

आराखड्याला पहिला धक्का. लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री रोज सकाळी दहाला येतात आणि बरोबर गणिताच्या तासाला आमच्या मजल्यावरचं दार उघडून बसतात. खारूचं लक्ष उडतं. आज मी ‘पाच मिनिटं बघून ये’ म्हणालो तर ती चाळीस मिनिटांनी आली, बोटाला ग्रीस, वहीत चित्र.

मी चौकशीला बाहेर गेलो. मिस्त्री साठीचे असतील. जिन्यासमोरच्या फरशीवर त्यांनी खडूने जाड रेघ ओढली होती आणि खारू रेघेच्या अलीकडे पायरीवर बसली होती.

“या रेघेच्या आत यायचं नाही, एवढं सांगितलंय तिला,” मिस्त्री म्हणाले. “बाकी काही त्रास नाही तिचा.”

माणूस सभ्य आहे, पण फार संथ. एक वाक्य बोलतो, मग दोरखंडाला कान लावून ऐकतो, मग दुसरं वाक्य. खारूने “ही दोरी तु... तु... तु...” असं सुरू केलं तेव्हा त्यांनी मान वरही केली नाही, पान्याने नट फिरवत राहिले. शेवटी तिचं “तुटली तर” बाहेर पडलं, तेव्हा म्हणाले, “चांगलं विचारलंस.” आणि मग समजावत बसले. माझ्याकडे दिलं असतं तर हेच प्रश्नोत्तर तीन मिनिटांत संपलं असतं.

नमुन्यात चाळीस मिनिटं कुठे टाकावीत कळेना. ‘इतर’ असा रकाना आहे, त्यात टाकली.

१३ जुलै

लिफ्ट, इतर, पन्नास मिनिटं.

१४ जुलै

लिफ्ट, इतर, एक तास दहा. बायकोला सांगितलं की ही मुलगी रोज तासभर वाया घालवते. ती म्हणाली, “दुपारी मला दीड तास लिफ्टबद्दल सांगत होती.”

“दीड तास? तिला बोलायला त्रास होतो आणि तू तिला दीड तास बोलायला लावलंस?”

बायको काही म्हणायला गेली. मी म्हणालो, कळलं, दूध संपलंय, येताना आणतो.

२६ जुलै, बुधवार

कार्यालयाच्या नियमांचा कागद पाठपोट छापलेला आहे हे मला इतके दिवस कळलं नव्हतं. मागच्या बाजूला नियम अकरा: सहा महिन्यांनी पडताळणी अधिकारी घरी येतील, फाईल तपासतील, आणि बालकाने स्वतः निवडलेल्या विषयावर पंधरा मिनिटे मौखिक सादरीकरण करावे. पालक उपस्थित राहू शकतील, मदत करू शकणार नाहीत. सादरीकरण असमाधानकारक वाटल्यास बालकास पुढील सत्रात शाळेत दाखल करावे लागेल.

पंधरा मिनिटं. खारू. अनोळखी माणसासमोर. आणि मी शेजारी हाताची घडी घालून.

मी ज्या कारणासाठी तिला शाळेतून काढलं तेच कारण आता बॅग घेऊन घरी येणार.

२७ जुलै

शिक्षण कार्यालयाच्या खिडकीवरच्या कारकून बाईंनी मार्ग सांगितला. वाचा-उपचारकाचा दाखला जोडला तर तोंडीऐवजी लेखी सादरीकरणाची सूट मिळते. अर्ज साधा आहे. हायसं वाटलं. अर्ज भरून टेबलावर ठेवला. सही तेवढी राहिली आहे, बालकाचीही लागते.

“तिला विचारलंस?” बायको म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? तिला सुटल्यासारखंच वाटेल.”

२ ऑगस्ट

खारूने अर्ज वाचला. सही केली नाही. मी विचारलं तर “म... म...” म्हणाली. मी म्हणालो, “मग करशील? ठीक आहे, सावकाश कर.” आणि तिने मान हलवली. अर्ज तिच्या टेबलावर आहे. मुदत सप्टेंबरअखेर आहे, घाई नाही.

११ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी तिला माझं स्वतःचं काम शिकवलं. मोठ्या कागदावर आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर थांबे, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे दोन गाड्या एकमेकींना भेटतात. मला हा कागद बावीस वर्षांनंतरही सुंदर वाटतो. खारू बराच वेळ बघत होती. मग “आ... आ...” म्हणाली. मी घड्याळ पाहिलं, पावणेएक झाला होता. “आई येईल अजून तासाभरात,” म्हणालो आणि कागद गुंडाळून ठेवला. मुलांना कंटाळा आला की ओळखता आलं पाहिजे.

२१ ऑगस्ट

गणितात ‘माहितीचे संकलन’ सुरू केलं. गृहपाठ: घरातल्या कोणत्याही एका गोष्टीची आठवडाभर नोंद ठेवायची, तक्ता करायचा, शेकडेवारी काढायची. मी उदाहरणं दिली: नळाला पाणी किती वेळ येतं, दाराची बेल किती वेळा वाजते. “हवं ते निवड,” असं सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी असं काहीतरी मनात धरून हसताना पाहिली.

२८ ऑगस्ट, सोमवार

हे लिहायला सुरुवात करून तीनदा थांबलो.

खारूने गृहपाठ दिला. आखीव तक्ता, पट्टीने ओढलेल्या रेघा, शीर्षक ठळक. चार रकाने: ‘मी म्हणाले’, ‘बाबा म्हणाले’, ‘मी म्हणणार होते’, ‘बरोबर की चूक’. आठवडाभरात बावन्न नोंदी. त्यातल्या काही इथे उतरवून ठेवतो.

पा. बाबा: पाणी हवंय? मी: पायऱ्या एकशे दोन आहेत. चूक.

भू. बाबा: भूक लागली. मी: भूमितीच्या पुस्तकातलं एक पान उलटं शिवलंय. चूक. (बिस्किटं खावी लागली.)

मि. बाबा: मिस्त्री कधी येणार? मी: मिस्त्री कधी येणार. बरोबर.

द. बाबा: दमलीस, बंद करू. मी: दहा मिनिटं अजून करू या. चूक.

खाली बेरीज. बरोबर एकवीस, चूक एकतीस. अचूकतेचं प्रमाण चाळीस पूर्णांक चार टक्के. उत्तर तपासून पाहिलं, बरोबर आहे.

तक्त्याच्या खाली एक टीप होती. ‘आठवड्याच्या आधीची एक नोंद, मोजलेली नाही. आ. बाबा: आई येईल तासाभरात. मी: आवडलं.’

मी तो कागद हातात घेऊन बसलो. आमच्या आगारात दहातल्या सहा गाड्या भलत्याच थांब्याला नेऊन सोडल्या असत्या तर मला पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. आणि मी त्या सोडल्या, वर घड्याळ पाहून खूशही झालो. वर्गातल्या मुलांना मी या वहीच्या पहिल्या पानावर काय म्हटलं आहे ते आत्ता उलटून वाचलं. ते खोडणार नाही. राहू दे.

खारू समोर उभी होती. तिला वाटलं, मी चिडलो.

“तक्ता चांगला झालाय,” मी म्हणालो. “दहापैकी दहा.” आणि मग विचारलं, “त्या दिवशी अर्ज बघून तू ‘म’ म्हणालीस. तेव्हा काय म्हणायचं होतं?”

आणि थांबलो. मी आयुष्यात गाड्यांसाठी पुष्कळ थांबलो आहे, पण असं नाही. माझी जीभ टाळूला टेकवून ठेवावी लागली. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, त्याची पावलं आमच्या मजल्यावरून पुढे गेली तरी ती अजून ‘म’वरच होती.

“म... म... मला सूट न... नकोय,” खारू म्हणाली. “मला लि-लिफ्टवर बोलायचंय.”

२९ ऑगस्ट

बायकोला तक्ता दाखवला. तिने तो आधीच पाहिला होता.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“दोनदा सांगायला आले होते,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा तू म्हणालास, कळलं, दूध आणतो. घरात दूध भरपूर झालं होतं तेव्हा.”

अर्ज रद्दीत टाकला.

६ सप्टेंबर

आज चौदा वेळा तोंड उघडलं. नऊ वेळा वेळेवर मिटता आलं. खारू हल्ली माझ्या चुकीवर फक्त बोट वर करते, म्हणजे ‘एक चूक’. बोलून थांबवण्यापेक्षा सोपं पडतं तिला.

वाचा-उपचाराच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “जूनमध्ये ती मला विचारत होती, पुस्तकं घरी नेऊ का. तेव्हापासून बाजूला काढून ठेवलीत.” चार पुस्तकं घेऊन आलो.

१५ सप्टेंबर

लिफ्ट सुरू झाली. सगळे मजले खूश, खारू सोडून. मिस्त्री आता महिन्यातून एकदाच येणार. जाताना त्यांनी तिला जुन्या दोरखंडाचा वीतभर तुकडा दिला, आतल्या तारा दिसतील असा कापून. मला म्हणाले, “पोरगी ऐकते चांगली. मशीन ऐकावं लागतं, नुसतं बघून भागत नाही.”

३ ऑक्टोबर

लिफ्टमध्ये पाटी आहे: सहा व्यक्ती, चारशे आठ किलो. खारूने भागाकार केला. एका माणसाला अडुसष्ट किलो आले. आता तिला आपल्या इमारतीतली माणसं खरंच तेवढी भरतात का ते बघायचंय.

“कसं बघणार?” मी विचारलं आणि थांबलो.

“वि... विचारणार. प्रत्येक दा... दारावर.”

चोवीस घरं आहेत. मी म्हणणार होतो, चिठ्ठ्या टाकू या प्रत्येकाच्या टपालपेटीत. पण म्हणालो नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

वजनकाटा काखेत मारून खारू पहिल्या मजल्यापासून निघाली. मी दोन पायऱ्या मागे, अशा अंतराने की गरज लागली तर पोहोचता यावं आणि बोलता येऊ नये.

पहिल्याच दाराला तिला “नमस्कार” म्हणायलाच बराच वेळ लागला. दार उघडणारे आजोबा तोपर्यंत चष्मा आणून, पुसून, लावून उभे राहिले. मग म्हणाले, “हं, बोल.” तिने सांगितलं. ते काट्यावर चढले. पुढच्या दारी जरा बरं झालं, त्याच्या पुढच्या दारी पुन्हा वाईट.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, “पंचावन्न लिही.” खारूने काटा खाली ठेवला. काकू म्हणाल्या, “अगं, मी सांगतेय ना.” खारू म्हणाली, “तो वे-वेगळा रकाना आहे.” काकू चढल्या. एकाहत्तर. काकू म्हणाल्या काटा बिघडलाय, तर खारूने मला त्यावर उभं केलं आणि माझं खरं वजन सगळ्या मजल्यासमोर वाचून दाखवलं. काटा ठीक होता.

संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस माणसं झाली.

१२ ऑक्टोबर

सरासरी एकसष्ट पूर्णांक चार. सहा जण म्हणजे तीनशे अडुसष्ट किलो आणि वर चारशे ग्रॅम. ‘म्हणजे आपली लिफ्ट आपल्याला पुरते,’ असं वहीत लिहून खाली दोन रेघा. सांगितलेलं आणि काट्यावरचं वजन यांतला फरक मजल्यानुसार काढला आहे. तिसरा मजला सर्वांत पुढे. सेक्रेटरींनी हा तक्ता सूचनाफलकावर लावायला मागितला. मी नको म्हणालो, इमारतीत राहायचं आहे.

हे सगळे तास ‘इतर’मध्येच टाकतो आहे. अजून दुसरी जागा सुचलेली नाही.

२० नोव्हेंबर

सादरीकरणाचा सराव. एकोणतीस मिनिटं लागली. मी म्हणालो, काही भाग गाळू या, पंधरात बसायला हवं. खारूने मान हलवली, गाळायचा नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “मला का विचारतोस, बोलणार ती आहे.”

५ डिसेंबर

उद्या. फाईल पूर्ण आहे. सूची, पाठसूची, रंगीत खुणा. मी तिसऱ्यांदा भोकं नीट पाडली आहेत ना ते पाहत होतो तर खारूने फाईल माझ्या हातातून काढून कपाटावर ठेवली.

६ डिसेंबर, बुधवार

सविस्तर लिहितो.

पडताळणी अधिकारी सव्वादहाला आले. उंच, जाडजूड गृहस्थ, कपाळावर घाम. लिफ्ट चालू असूनही जिन्याने आले होते, कारण त्यांना बंद पेटीत गुदमरायला होतं. मी मनात म्हटलं, संपलं. विषय लिफ्ट आणि परीक्षक लिफ्टला घाबरणारा.

फाईल त्यांनी सहा मिनिटं पाहिली. माझे सहा महिने. “छान लावलीय,” म्हणाले. मग एका ठिकाणी बोट ठेवून थांबले.

“हे ‘इतर’ काय आहे? एकशे बारा तास?”

मी सांगायला तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

खारूने आपली वही त्यांच्यासमोर ठेवली. दोरखंडाचा तुकडा ठेवला. आणि उभी राहून बोलायला लागली.

मी शेजारच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली. ती पहिल्या वाक्यावरच अडकली. ‘लिफ्ट’चा ‘लि’ नऊ वेळा आला, मी मोजला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग शब्द सुटला आणि ती पुढे गेली. दोऱ्या किती, प्रत्येकीत तारा किती, एक तुटली तरी बाकीच्या पेटी कशा धरून ठेवतात. वेग वाढला तर पेटीखालचे चिमटे रुळांना कसे आवळतात. हे ती सांगत असताना साहेब खुर्चीत पुढे सरकले.

“मोटर सगळं वजन उ-उचलत नाही,” खारू म्हणाली. “दुसऱ्या बाजूला का... का... का...”

“कप्पी,” साहेब म्हणाले.

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण ही वही त्यासाठीच आहे. मला बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, त्यालाही राहवलं नाही.

खारूने बोट वर केलं. सवयीने. साहेबांना कळेना.

“न... नाही,” ती म्हणाली. “काउंटर. लोखंडी वजनांचा गठ्ठा. रिकामी पेटी आणि अर्धी मा-माणसं, एवढा तो जड असतो. म्हणून मोटरला फक्त फ... फरक उचलावा लागतो.”

“माफ कर,” साहेब म्हणाले. “बोल तू.”

नंतर ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. वजनांचा तक्ता आला तेव्हा तिने काटा पुढे केला आणि साहेब निमूटपणे बूट काढून चढले. ब्याण्णव. तिने वहीत लिहिलं आणि तोंडी सांगितलं की सहा साहेब असतील तर लिफ्ट घंटा वाजवेल, हलणार नाही, पण पडणारही नाही. साहेब हसले. चांगले पोटातून हसले.

सव्वीस मिनिटं झाली. नियमात पंधरा आहेत. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आपल्या अहवालावर वेळ लिहिली, आणि शेजारी काहीतरी छोटं लिहिलं जे मला उलट्या बाजूने वाचता आलं नाही. मला म्हणाले, “हे ‘इतर’चे तास योग्य रकान्यांत टाका. विज्ञान, गणित, भाषा. नाहीतर गणितात तुमचे तास कमी भरतायत.”

“भाषेत?” मी विचारलं.

“चोवीस घरी जाऊन बोलली ना ती?”

मग त्यांनी खारूला विचारलं, लिफ्टने खाली सोडशील का. ती त्यांच्याबरोबर गेली. आम्ही दोघं गॅलरीतून बघत होतो. बऱ्याच वेळाने साहेब खालच्या दारातून बाहेर पडले, रुमालाने मान पुसली, आणि वर न बघता हात हलवला. खारू लिफ्टने एकटी वर आली. “ते दो-दोनदा वर-खाली गेले,” एवढंच म्हणाली.

१८ डिसेंबर

पत्र आलं. ‘समाधानकारक. परवानगी पुढील वर्षासाठीही देण्यास हरकत नाही. वेळेचे बंधन या बालकास लागू करू नये.’ खाली सही, शिक्का.

पत्राच्या तीन प्रती काढल्या. आगारात सगळ्यांना दाखवलं. माझे साहेब म्हणाले, तुझ्या तोंडून ‘वेळेचे बंधन नको’ हे ऐकून बरं वाटलं.

२१ डिसेंबर, गुरुवार

पुढच्या वर्षाचा आराखडा झाला. चार रंग. मोकळे तास ठेवले आहेत, ‘इतर’ काढून टाकलं आहे. आज जेवणानंतर खारूसमोर ठेवला. तिने सगळा वाचला, प्रत्येक पान, खालच्या टिपांसकट. मग दोन्ही हातांत धरून जरा वेळ बसली.

“मला शा... शा...”

शास्त्र जास्त हवं, मी मनात म्हटलं. किंवा शारीरिकचे तास नकोत. मनात म्हणायला बंदी नाही.

“शाळेत जायचंय,” खारू म्हणाली. “जू-जूनपासून.”

बायकोच्या हातातली ताटं तशीच राहिली. मी काही वेळ आराखड्याकडे बघत होतो. हिरवा रंग खरंच चांगला उतरला होता.

“का?” मी विचारलं.

ती लगेच सांगू शकली नाही. मध्ये पाण्याचा घोट घेतला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकली. मी काहीही ओळखू शकलो नाही.

“इथे स... सगळ्यांना सांगून झालंय,” ती म्हणाली.

मी तिला ते सांगितलंच, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. “तिथे मुलं मध्ये बोलतील गं.”

“बोलू देत,” खारू म्हणाली. “चु... चुकतील.”

बायको स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ मात्र सुरू नव्हता.

जूनपर्यंत आमची शाळा आहे, ती नीट करायची आहे. विजेच्या घंटेवर तिला काहीतरी करायचं आहे, मिस्त्रींनी जुनी घंटा आणून द्यायचं कबूल केलं आहे. पण प्रवेशाची चौकशी आत्ताच करायला हवी. उद्या सकाळी शाळेच्या कार्यालयात जाणार आहोत. काय विचारायचं ते मी कागदावर लिहून देतो म्हणालो, तर खारू म्हणाली, नको, तीच बोलणार. तिथे टेबलापाशी नेहमी पालकांची रांग असते, आणि सगळ्यांना कामावर जायची घाई असते. मला माहीत आहे, मीही त्या रांगेत उभा राहिलो आहे.

उद्या ते थांबतील.